उरलेला डबा

चमचा पावडरीनं भरला की मामा तो लगेच उचलत नसत. डब्याच्या तोंडावरच धरून अंगठ्याच्या नखानं वर आलेली पावडर एका ओढीत सपाट करत. मग निम्मी परत डब्यात टाकून उरलेली स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात सोडत. ढवळायला काही लागत नसे. पेलाच हातात गोल फिरवत. पाणी बिटाच्या रंगाचं झालं की आत बघून म्हणत, "बघू काय हुतंय," आणि एका दमात पिऊन टाकत.

सगळेच त्यांना मामा म्हणत. ते फौंड्रीत मोल्डिंगला होते. वितळलेलं लोखंड ओतायच्या साच्यासाठी पेटीत काळी वाळू ठोकून भरायची आणि वर आलेली पट्टीनं ओढून काढायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे घरात मीठ घ्यायचं असो की जिममध्ये ही पावडर, त्यांचा चमचा कधी शिगेचा नसायचा.

सांगलीजवळ कुपवाडला एका वेल्डिंगच्या वर्कशॉपच्या माडीवर आमची जिम आहे. जिम नवऱ्याची, सकाळची वेळ माझी, कारण नवरा सकाळी उठत नाही. औद्योगिक वसाहतीतली पोरं पहिल्या शिफ्टच्या आधी येतात, गाड्या खाली लावतात आणि वर येऊन आधी पिशवीतून आपापला डबा काढतात. प्री-वर्कआउट म्हणतात त्याला. व्यायामाआधी पाण्यातून घ्यायची पावडर. त्यात चहा-कॉफीतलं कॅफीन असतं, बिटाचा अर्क असतो, शिरा रुंद करून रक्त खेळवणारी आणखी दोन-चार अवघड नावं असतात. ती घेतली की पोरं आरशासमोर दंडावरच्या शिरा बघत "पंप बसला" म्हणतात. शिरा खरंच फुगतात, पोरं खरंच दोन वजनं जास्त उचलतात, आणि खाली गेल्यावर गाडी जरा जोरात मारतात. मी घेत नाही. मला चहा पुरतो. अशी पोरं तुमच्याही गल्लीत असतील, त्यामुळे जास्त सांगत नाही.

मामांचा मुलगा त्यातलाच एक होता. अग्निवीरच्या भरतीची तयारी करायचा. पहाटे जिमच्या दारातच आपल्या डब्यातली पावडर पिऊन वसाहतीच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळायचा, मग घाम पुसत वर यायचा आणि मला विचारायचा, "मॅडम, छाती वाढली का?" मी म्हणायचे, "जीभ वाढली." एके सकाळी तो वर आला नाही. रस्त्याच्या वळणावर पळता पळता पडला, तो उठलाच नाही. कळलं तशी सगळी पोरं खाली धावली. मी मात्र सुरू राहिलेल्या ट्रेडमिल बंद करत फिरले, पंखे बंद केले, कुणाचा तरी टॉवेल घडी करून ठेवला. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. नंतर वाटेल, असं म्हणत राहिले.

त्यांच्या घरी गेले तेव्हाही तसंच. एका खोलीचं घर, बायका आत, पुरुष बाहेर. मामी रडत नव्हत्या. मामा आत आले तशी मामींनी सगळ्यांदेखत एवढंच म्हटलं, "तुमीच आनलासा त्यो डबा."

डबा खरंच मामांनी आणला होता. पोराचा हट्ट होता, म्हणून बापलेक सांगलीला जाऊन घेऊन आले होते. दुकानदाराला मामांनी एकच प्रश्न विचारला होता, "चांगला हाय न्हवं?" तो चांगलाच म्हणणार. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की पोराच्या हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता, आणि अशी पोरं कधीही जाऊ शकतात. डबा नसता तर राहिला असता का, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. खरं तेच बोलले. पण त्या खरेपणामुळे मामांची सुटका झाली नाही.

तेरावं झाल्यावर मामा आमचा जिना चढून आले. चपला खाली काढून आले होते. आमच्याकडे कुणी काढत नाही. कापडी पिशवीतून त्यांनी डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, ह्यो कसा घेत्यात?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"मामा, हे टाकून द्या."

"निम्मा ऱ्हायलाय."

"राहू दे की."

"घरात ठिवून देत न्हाई ती. हितं ठिवला तर चालंल का? रोज येऊन घीन म्हनतो."

मला राग आला. माणसाला दुःख झालं की त्यानं रडावं, झोपून राहावं, गावी जावं. हे काय भलतंच? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हे औषध नाही, तुमचं वय पन्नाशीच्या पुढं, रक्तदाब वाढतो, छाती धडधडते. ते मान हलवत ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पिशवीतून पेला काढला. घरून आणला होता. मी विचार केला, इथं नाही म्हटलं तर रस्त्यावरच्या नळाला जाऊन पितील. मग म्हटलं, निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी. आणि चमचा अर्धाच घ्यायचा. तेवढं त्यांनी कबूल केलं.

पहिल्या दिवशी पिऊन झाल्यावर ते भिंतीकडेच्या बाकावर मांड्यांवर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं त्यांनी गालावरून हात फिरवला. मग कान चोळले. मग उठून डबा उघडून आत बघितलं.

"ताई, ह्याला मुंग्या लागल्याती व्हय?"

"नाही. मुंग्या आल्यासारखं होतं त्यानं. तोंडाला, हाताला. जातं थोड्या वेळानं."

"समद्यास्नी हुतं?"

"सगळ्यांना."

"त्येला बी हुत असंल?"

"हो. तो तर उड्या मारायचा."

मामा पुन्हा बसले. हात पालथे करून बघत राहिले. फौंड्रीतले हात ते, तापल्या पेटीला फडकं न घेता लागणारे. चहाचा पेला कसाही कढत असला तरी ते सहज धरत. त्या हातांना काहीतरी कळत होतं, आणि ते संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर "गेल्या," म्हणाले आणि खाली जाऊन चपला घालून कामाला निघून गेले.

असं रोज सुरू झालं. पोरं आधी बिचकली. डबा त्यांच्या ओळखीचा होता. झाकणावर पोरानं पेनानं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. मग ती सवयीनं "मामा, राम राम" म्हणू लागली. मीच एक दिवस म्हटलं, "मामा, नुसतं पिऊन बसलात तर छाती उगाच धडधडते. जरा चाला तरी." आणि त्यांना ट्रेडमिलवर चढवलं. पायात कुणाचे तरी जुने बूट, अंगात फौंड्रीची खाकी पँट, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला. पंधरा-वीस मिनिटं चालले. पट्टा थांबला तसे उतरून मागं वळून बघितलं.

"येवढं चाललो आनि हितंच?"

पोरं हसली. मामा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ह्येच्यावर माझं गाव किती दिसांत येईल?" त्यांचं गाव माण तालुक्यात, विट्यावरून पुढं दहिवडीच्या पलीकडं. पाऊस नाही म्हणून ते पोरवयात कुपवाडला आले आणि इथलेच झाले. त्यानंतर आमची पोरं रोज विचारू लागली, "मामा, आज कुठवर?" मामा गंभीरपणे सांगायचे, "विट्याच्या अलीकडं." एकदा एका पोरानं वेग वाढवला तेव्हा पळता पळता ओरडले, "आरं थांबीव गड्या, उतरायचं हाय मला!" मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, हे नंतर लक्षात आलं.

पण मुद्दा गमतीचा नव्हता. मी रक्तदाब मोजायचं यंत्र आणून ठेवलं होतं. तो वाढत होता. आमच्या खालच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळी दिली आणि पावडर पूर्ण बंद म्हणून सांगितलं. मामांनी गोळी खिशात घातली, डॉक्टरांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी डब्यापाशी हजर. मी डबा कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली. ते भांडले नाहीत. पेला हातात घेऊन बाकावर बसून राहिले, कामाची वेळ झाली तेव्हा उठून गेले. त्यापुढचे दिवसही तसेच. पेला रिकामा, माणूस बसलेला. पोरं वजनं हळू ठेवू लागली. शेवटी मीच त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मामा, का घ्यायचंय तुम्हाला हे?"

मामांनी पेला बाकावर ठेवला. मग समोरच्या आरशाकडे बघत म्हणाले, "निम्मा त्येनं खाल्ला. ऱ्हायलेला निम्मा म्या खायाचा. मग कळंल."

"काय कळेल?"

"ह्येनं मानूस मरतंय का न्हाई."

"आणि मेलात तर?"

"मग ती म्हन्ती ते खरं. मग काय बोलायचं ऱ्हातंच न्हाई."

"आणि नाही मेलात तर?"

"तर ती बोलंल माझ्यासंगट."

पोर गेल्यापासून मामी त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. भाकरी करून झाकून ठेवायच्या, कपडे धुवायच्या, पाणी भरायच्या. शब्द नाही. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यभर ओतकाम कसं निघतंय ते पेटी फोडूनच बघितलं, तो आता स्वतःला पेटी समजून बसला होता. मी त्यांना म्हटलं, एकाच्या शरीरावरून दुसऱ्याचं कळत नाही. मामा म्हणाले, "मला अडानी समजू नगासा. ते ठावं हाय मला. पन दुसरं काय करू, ते सांगा."

मी किल्ली काढली. मात्र अट घातली, की डॉक्टरांची गोळी माझ्यासमोर घ्यायची, पाव चमच्याच्या वर जायचं नाही, आणि रक्तदाब एका आकड्याच्या वर गेला तर त्या दिवशी डबा उघडायचा नाही. गोळी त्यांनी मुकाट्यानं घेतली. चमचा नखानं सपाट केला. मग त्यातला पाव भाग ठेवून बाकीचा परत डब्यात सोडला. "बघू काय हुतंय," म्हणाले. ते वाक्य आता मला ऐकवत नव्हतं. ते पिऊन बसले की मी दुसरीकडे बघत वजनांच्या तबकड्या पुसायचे, आणि ते "गेल्या" म्हणेपर्यंत तीच तबकडी पुसत राहायचे.

मग एकदा, पोरं गेल्यावर, जिन्याच्या तोंडाशी मामी उभ्या दिसल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"ह्ये हितंच येत्यात न्हवं रोज?"

"हो मामी."

"त्यो डबा घेत्यात?"

मी खोटं बोलू शकले नाही. वाटलं, आता त्या डबा मागतील आणि नेऊन ओढ्यात टाकतील. टाकला असता तर बरंच झालं असतं. पण त्यांनी मागितला नाही. लोखंडी कठड्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाल्या, "ह्ये सकाळी गेलं की मी दारात बसत्ये. कामावरनं परत आलं, गाडीचा आवाज झाला की उठत्ये. सैपाक तवा करत्ये."

"तुम्ही त्यांना सांगा ना, घेऊ नका म्हणून."

"माझी जीभ उचलत न्हाई, ताई. म्या त्या दिशी बोलले ते रागात बोलले. पोरानं मागितलं, बापानं दिलं. म्या बी दिलं असतं. येवढं त्यास्नी तुमी सांगा."

"तुम्हीच सांगा मामी. एका खोलीत राहता तुम्ही."

"तेच तर हाय की," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांना निरोप सांगितला, शब्दाला शब्द. ते ऐकत होते. डबा हातात होता. मी थांबले. आता काहीतरी होईल, डोळ्यांत पाणी येईल, निदान डबा खाली ठेवतील. मामा म्हणाले, "बरं." मग झाकण उघडलं. मला त्यांचा इतका संताप आला, की मी आत जाऊन पंख्याचं बटण उगाच दोनदा दाबलं. पण विचार केला तर त्यांचंही बरोबर होतं. निरोपाचं काय खरं? तो माझ्या तोंडून आला होता.

पाव चमच्यानं का होईना, डबा संपत आला. शेवटच्या दिवशी तळाला पावडर दगडासारखी घट्ट झाली होती. मामांनी चमच्याच्या टोकानं ती खरवडली, डबा पालथा करून बुडावर थापट्या मारल्या, आणि होतं नव्हतं ते पेल्यात घेतलं. सपाट करायला काही उरलं नव्हतं, तरी नख चमच्यावरून एकदा फिरलंच. त्या दिवशी पोरांनीही व्यायाम थांबवला. खाली वेल्डिंगची चरचर तेवढी चालू होती.

ते प्यायले. बसले. गालावर हात गेला, कानावर गेला. मग हात मांड्यांवर आले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गेल्या."

मी रक्तदाब मोजला. रोजच्यासारखाच होता.

"झालं मामा," मी म्हटलं. "संपलं. तुम्हाला काही झालं नाही."

"न्हाई," ते म्हणाले. "काईच झालं न्हाई." रिकाम्या डब्यात त्यांनी एकदा डोकावून बघितलं. "कायतरी हुयाला पायजे हुतं, ताई. त्येला झालं आनि मला काईच न्हाई. आसं कसं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बनियन घामानं ओलं होतं आणि आतली छाती जोरात चालत होती. एवढंच मला कळलं.

डबा द्या, मी टाकते, असं म्हटलं. त्यांनी दिला नाही. नळाखाली धरून आतून स्वच्छ धुतला, झाकणावरचं नाव न पुसता झाकण लावलं आणि कापडी पिशवीत घातला.

"घरी न्येतो."

"मामींना चालेल?"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून ते म्हणाले, "बघू काय हुतंय."

त्यानंतर ते जिममध्ये आले नाहीत. आता तर कुपवाडलाही नाहीत. फौंड्री सोडून दोघं माणला गेली. गावी चार शेळ्या घेतल्या आहेत असं ऐकलं. त्यांच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं. आमच्या पोरांपैकी कुणी ट्रेडमिलवरून उतरताना अजून "विट्याच्या अलीकडं" म्हणतं, आणि नव्या पोरांना ते का म्हणतात ते माहीत नसतं.

पण ती दोघं जायच्या आधी मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. मामांचा पेला आमच्या खिडकीत राहिला होता. मी तो रोज पुसून परत तिथंच ठेवायचे. एका रविवारी उठले आणि तो द्यायला गेले.

मामा उंबऱ्याशी बसले होते. मामी आत, गॅसपाशी. मला बघून मामींनी चहा ठेवला. भिंतीवर पोराचा फोटो होता, हार नवा होता. दुधाला उकळी आली तशी मामींनी मागच्या फळीवर हात नेला आणि साखरेचा डबा खाली घेतला.

तोच डबा होता. बाहेरचा कागद खरवडून काढलेला, झाकणावरचं पेनाचं नाव तसंच. मामींनी झाकण उघडलं, आतला चमचाही तोच, तो साखरेत बुडवला आणि वर आलेली साखर अंगठ्याच्या नखानं एका ओढीत सपाट केली. मामा बघत होते. मीही बघत होते.

चहा गाळून झाला. त्या घरात, आणि तिकडच्या सगळ्याच घरांत, पाहुण्याला आणि नवऱ्याला चहा दिल्यावर बाई शेवटी घेते, तेही पाठ फिरवून. मामींनी मला कप दिला. मी आणलेल्या त्याच पेल्यात मामांचा चहा ओतला. पण तो लगेच त्यांच्या हातात दिला नाही. पेला स्वतःच्या तोंडाला लावला, नवऱ्याकडे बघत एक मोठा घोट घेतला, गिळला, आणि तशाच बसून राहिल्या. मामाही त्यांच्याकडे बघत राहिले.

मग मामींनी पेला पुढं केला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "निवतोय."

मामांनी पेला घेतला. या वेळी हाताला चटका बसल्यासारखा तो त्यांनी पटकन खाली ठेवला, बोटांवर फुंकर घातली, आणि परत उचलला.